शेकडा किती? पण कोणत्या शंभरातले?

वेळवंडी नदीवरचे भाटघरचे धरण तुमच्यापैकी पुष्कळांनी सहलीत पाहिले असेल. १९२८ साली पुरे झालेल्या या धरणाच्या जलाशयाला येसाजी कंकांचे नाव दिलेले आहे. धरणाच्या मागे डोंगरांच्या घड्याघड्यांतून पाणी लांबवर आत शिरले आहे आणि त्याच्या दोन्ही काठांवर गावे व वाड्या आहेत. एके काळी नदी ओलांडली की जे गाव लागत असे, ते आता रुंद पाण्याच्या पलीकडे गेले आहे. अशा ठिकाणी समोर दिसणाऱ्या शाळेत जायचे म्हणजे एक तर होडीने जावे, नाही तर पाण्याला वळसा घालून पायी जावे.

अशा एका काठावर एक शाळा आहे असे समजा. शाळा कल्पनेतली आहे आणि तिचे आकडेही मी हिशेबाला सोपे जावेत म्हणून घेतले आहेत. पण तेथे झालेला वाद मात्र कल्पनेतला नाही; तो रोज कुठे ना कुठे चालू असतो. शाळेच्या वरच्या वर्गांत ६० मुले आहेत. त्यांतली २० होडीने येतात, ४० पायी येतात. एका सोमवारी १५ मुले उशिरा आली. मुख्याध्यापक म्हणाले, "या होडीचे काही खरे नाही. होडीने येणारी मुलेच उशिरा येतात." त्यावर होडीने येणारा एक मुलगा उभा राहिला आणि म्हणाला, "सर, उशिरा आलेल्या पंधरांत नऊ जण पायी येणारे आहेत. शेकडा साठ! मग दोष होडीचा कसा?"

खरे कोण बोलले? आपण आकडे नीट मांडू.

| | उशिरा | वेळेवर | एकूण |
|---|---|---|---|
| होडीने येणारे | ६ | १४ | २० |
| पायी येणारे | ९ | ३१ | ४० |
| एकूण | १५ | ४५ | ६० |

अशा कोष्टकाला द्विमार्गी कोष्टक म्हणतात. यात प्रत्येक मुलाची नोंद एकाच वेळी दोन गोष्टींनुसार झाली आहे: तो कसा आला आणि केव्हा आला. आतल्या चार घरांत मिळून सर्व ६० मुले येतात. एकही मूल दोन घरांत नाही आणि एकही घराबाहेर नाही. कोष्टक तयार झाले की प्रथम हे तपासून पाहावे. पुष्कळ भांडणे पुढच्या गणितावरून होत नाहीत, घरांत माणसे नीट बसवलेली नसतात म्हणून होतात.

आता मुलाचे म्हणणे पाहा. तो उशिरा आलेल्या १५ जणांकडे पाहतो आहे. त्यांतले ९ पायी येणारे, म्हणजे शेकडा ६०. हिशेब बरोबर आहे. मुख्याध्यापक मात्र होडीच्या २० जणांकडे पाहत आहेत. त्यांतले ६ उशिरा आले, म्हणजे शेकडा ३०. पायी येणाऱ्या ४० जणांत ९ उशिरा आले, म्हणजे शेकडा २२.५. हाही हिशेब बरोबर आहे. दोघेही खोटे बोललेले नाहीत, पण दोघांचे शंभर वेगळे आहेत. मुलगा रकान्यातून खाली वाचतो आहे, सर ओळीतून आडवे वाचत आहेत. पायी येणारी मुले मुळात दुप्पट आहेत, म्हणून उशिरा आलेल्यांत त्यांची संख्या जास्त दिसणारच. होडीची आणि पायांची तुलना करायची तर ओळीच वाचायला हव्यात.

तेव्हा सरांचे म्हणणे खरे ठरले असे वाटेल. तूर्त तसेच धरून चालू. या शाळेकडे आपल्याला शेवटी पुन्हा यायचे आहे, कारण हा निकाल टिकणारा नाही. त्याआधी एक खरे कोष्टक पाहू. ते भाटघरपासून फार दूरचे नाही. भोरहून पुण्याला या, शहर ओलांडा आणि खडकीला थांबा. वर्ष आहे १८९७.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईत प्लेग सुरू झाला आणि काही महिन्यांत तो पुण्यात पोहोचला. माणसाला ताप येई, काखेत किंवा जांघेत गाठ येई आणि थोड्याच दिवसांत बहुतेक रोगी दगावत. प्लेगच्या रोग्यांची शुश्रूषा करताना सावित्रीबाई फुले यांना हा रोग जडला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा मृत्यू झाला. घरझडत्या, सक्तीची रुग्णालये, गोऱ्या सोल्जरांची दांडगाई यांनी पुणे चिडून गेले होते. त्याच वर्षी २२ जूनच्या रात्री प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली, हे तुम्ही इतिहासात वाचले आहे. इतिहासाच्या पुस्तकात सहसा येत नाही ती गोष्ट अशी की, याच दिवसांत मुंबईतल्या एका लहानशा प्रयोगशाळेत प्लेगवरची लस तयार झाली होती.

ती तयार करणारा वाल्डेमार हाफकिन हा ओडेसा येथे जन्मलेला जंतुशास्त्रज्ञ. तो १८९३ मध्ये कॉलऱ्याची लस घेऊन हिंदुस्थानात आला होता. प्लेगची साथ आल्यावर मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्याला जागा मिळाली. मांसरसात वर तुपाचे थेंब तरंगत ठेवून तो त्यांच्या आधाराने प्लेगचे जंतू वाढवी. तुपाच्या थेंबापासून खाली लोंबणाऱ्या लोलकांसारखी ती वाढ दिसे. मग ते जंतू तापवून मारायचे आणि मेलेल्या जंतूंचा तो रस टोचायचा. १० जानेवारी १८९७ रोजी त्याने ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. एका माणसाला काही झाले नाही, यावरून लस घातक नाही एवढेच कळते. ती उपयोगी आहे की नाही हे कळण्यासाठी पुष्कळ माणसे हवीत, आणि टोचलेल्यांबरोबर न टोचलेलीही हवीत.

खडकीच्या लष्करी छावणीत तोफखान्याच्या नोकरचाकरांची व त्यांच्या कुटुंबांची एक वस्ती होती. तेथे १५३० माणसे होती. त्यांतल्या ६७१ जणांनी लस टोचून घेतली, ८५९ जणांनी घेतली नाही. साथ येऊन गेल्यावर झालेली मोजदाद अशी:

| | प्लेग झाला | झाला नाही | एकूण |
|---|---|---|---|
| टोचलेले | ३२ | ६३९ | ६७१ |
| न टोचलेले | १४३ | ७१६ | ८५९ |
| एकूण | १७५ | १३५५ | १५३० |

या आकड्यांकडे नुसते पाहून काही अंदाज येतो. पण दोन गट सारखे नाहीत, म्हणून ३२ आणि १४३ यांची थेट तुलना करता येत नाही. ती करण्यासाठी आकड्यांना कशाने तरी भागावे लागते. एखाद्या घरातल्या संख्येला एकूण संख्येने भागले की जो भागाकार येतो त्याला सापेक्ष वारंवारता म्हणतात. १०० ने गुणले की तीच शेकडेवारी. प्रश्न असा की कोणत्या एकूण संख्येने भागायचे? कोष्टकात तीन प्रकारच्या बेरजा आहेत: ओळीच्या शेवटी, रकान्याच्या तळाशी आणि अगदी कोपऱ्यात. तिन्हींनी भागता येते आणि तिन्ही वेळा उत्तर वेगळे येते.

प्रथम कोपऱ्यातल्या १५३० ने सर्व घरांना भागू.

| | प्लेग झाला | झाला नाही | एकूण |
|---|---|---|---|
| टोचलेले | २.१ | ४१.८ | ४३.९ |
| न टोचलेले | ९.३ | ४६.८ | ५६.१ |
| एकूण | ११.४ | ८८.६ | १०० |

आतल्या चार आकड्यांना संयुक्त सापेक्ष वारंवारता म्हणतात, कारण त्यांत दोन्ही गोष्टी जोडीने येतात. २.१ चा अर्थ असा: वस्तीतल्या दर शंभर माणसांत सुमारे दोन माणसे अशी होती की ज्यांनी लसही टोचून घेतली होती आणि ज्यांना प्लेगही झाला. कडेच्या आकड्यांना सीमांत सापेक्ष वारंवारता म्हणतात. त्यांत एकाच गोष्टीचा विचार असतो; ११.४ म्हणजे टोचलेला असो वा नसो, शंभरातल्या सुमारे अकरा जणांना प्लेग झाला.

या कोष्टकाने वस्तीचे चित्र कळते, पण लसीबद्दलच्या प्रश्नाचे उत्तर कळत नाही. पुष्कळ विद्यार्थी येथे चुकतात. ते २.१ आणि ९.३ शेजारी ठेवतात आणि म्हणतात, न टोचलेल्यांना साडेचार पट धोका होता. तसे नाही. ९.३ हा आकडा मोठा दिसण्याचे एक कारण असे की न टोचलेली माणसेच मुळात अधिक होती. ती दुप्पट असती, तर लस कुचकामी असतानाही हा आकडा मोठाच दिसला असता. गटाच्या लहानमोठेपणाचा परिणाम काढून टाकायचा असेल तर प्रत्येक ओळीला तिच्या स्वतःच्या बेरजेने भागले पाहिजे.

| | प्लेग झाला | झाला नाही | एकूण |
|---|---|---|---|
| टोचलेले | ४.८ | ९५.२ | १०० |
| न टोचलेले | १६.६ | ८३.४ | १०० |
| सर्व | ११.४ | ८८.६ | १०० |

हे आकडे सशर्त आहेत. 'माणूस टोचलेला असेल तर' ही अट पहिल्या ओळीला आहे, 'टोचलेला नसेल तर' ही दुसऱ्या ओळीला. टोचलेल्या शंभरांत पाचांहून कमी आजारी पडले, न टोचलेल्या शंभरांत जवळजवळ सतरा. धोका साडेतीन पट. लसीचा रोगाशी काहीच संबंध नसता तर दोन्ही ओळींत तळच्या ओळीसारखाच आकडा, म्हणजे ११.४ च्या आसपासचा, यायला हवा होता. दोन्ही ओळी तळच्या ओळीसारख्या दिसल्या तर संबंध नाही, आणि जितक्या दूर जातील तितका संबंध घट्ट. द्विमार्गी कोष्टक वाचण्याची मुख्य खूण ही एवढीच.

मृत्यूंचा हिशेबही असाच करता येतो. टोचलेल्या ६७१ पैकी १७ जण दगावले, न टोचलेल्या ८५९ पैकी ९८. शेकडा २.५ आणि शेकडा ११.४. (या दुसऱ्या ११.४ ने गोंधळू नका. वर आजाऱ्यांचे प्रमाण ११.४ आले होते, ते सर्व १५३० माणसांतले. हे न टोचलेल्यांतल्या मृतांचे. आकडे जुळले हा योगायोग आहे, अर्थ दोन्हींचे निराळे.) टोचलेल्या ६७१ जणांत न टोचलेल्यांच्याच प्रमाणात मृत्यू झाले असते, तर ७७ माणसे दगावली असती. दगावली १७. उरलेल्या साठ माणसांची नावे आपल्याला माहीत नाहीत, आणि त्यांनाही हे कधी कळले नसेल की आपण त्या साठांपैकी आहोत.

आता तिसरा भागाकार. रकान्याला रकान्याच्या बेरजेने भागू. प्लेग झालेल्या १७५ जणांत ३२ टोचलेले होते, म्हणजे शेकडा १८.३, बाकीचे ८१.७ न टोचलेले. हाही आकडा खरा आहे, पण त्याचा प्रश्न उलटा आहे. 'टोचले तर आजारी पडण्याची शक्यता किती?' हा वस्तीतल्या माणसाचा प्रश्न. 'आजारी माणूस समोर आला, तर तो टोचलेला असण्याची शक्यता किती?' हा रुग्णालयाच्या दारात बसलेल्या माणसाचा प्रश्न. पहिल्याचे उत्तर ४.८, दुसऱ्याचे १८.३. त्याच ३२ माणसांवरून संयुक्त आकडा निघाला होता २.१. एकाच घरातून तीन शेकडेवाऱ्या निघाल्या आणि तिन्ही बरोबर आहेत! म्हणूनच नुसते 'शेकडा अठरा' म्हणणाऱ्याला लगेच विचारावे, शंभर कशाचे?

उलटा प्रश्न विचारला म्हणजे किती मोठी फसगत होऊ शकते, हे २०२१ साली कोरोनाच्या लसीकरणाच्या वेळी साऱ्या जगाने पाहिले. रुग्णालयातल्या रोग्यांत लस घेतलेलेच अधिक आहेत, मग लसीचा उपयोग काय, असा प्रश्न पुष्कळ जण विचारीत होते. एक काल्पनिक गाव घ्या, हजार वस्तीचे. ९०० जणांनी लस घेतली, १०० जणांनी घेतली नाही. घेतलेल्यांत शेकडा २ आजारी पडले, म्हणजे १८ माणसे. न घेतलेल्यांत शेकडा १०, म्हणजे १० माणसे. रुग्णालयात २८ रोगी. त्यांतले १८ लस घेतलेले, म्हणजे शेकडा ६४! लसीने धोका पाचव्या हिश्शावर आणला आहे, तरीही रुग्णालयात लस घेतलेल्यांचेच बहुमत आहे. गावात लस घेतलेलेच जास्त असल्यावर दुसरे काय होणार? साऱ्या गावाने लस घेतली तर रुग्णालयात शेकडा १०० रोगी लस घेतलेले असतील. भाटघरच्या त्या मुलाने उशिरा आलेल्या पंधरांकडे पाहून जे उत्तर दिले, ते आणि हे एकाच जातीचे आहे.

हाफकिनच्या आयुष्यात एक कोष्टक असे आले की त्यातल्या शून्यांनी त्याला वाचवायला हवे होते. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ लोकांना प्लेगची लस टोचली. त्यांतले १९ जण धनुर्वाताने मेले. गदारोळ झाला, लस दूषित होती असे ठरवून हाफकिनला कामावरून दूर करण्यात आले. आता पाहा: त्या दिवशी लशीच्या पाच बाटल्या वापरल्या होत्या. ज्या बाटलीचा क्रमांक ५३-एन होता, तिच्यातून टोचलेले १९ च्या १९ मेले. उरलेल्या चार बाटल्यांतून ८८ जणांना टोचले होते, त्यांतला एकालाही धनुर्वात झाला नाही. 'लस टोचलेल्यांत शेकडा १८ मेले' हे वाक्य गणिताने बरोबर, पण त्याने दोष लसीकडे जातो. बाटलीनुसार ओळी पाडल्या की एका ओळीत शेकडा १०० आणि दुसरीत शेकडा शून्य दिसते, आणि मग एकाच बाटलीचे काय झाले एवढाच प्रश्न उरतो. बाटली उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, ही गोष्ट चौकशीत नोंदली गेलेली होती. तरीही हाफकिन निर्दोष ठरायला १९०७ साल उजाडले. मुंबईत परळला त्याने उभी केलेली प्रयोगशाळा १९२५ पासून त्याच्या नावाने ओळखली जाते, हे तुम्हांला ठाऊक असेलच.

येथवर आपण असे धरले की ओळी बरोबर वाचल्या म्हणजे झाले. पण खडकीच्या कोष्टकावर एखादा चौकस वाचक आणखी एक शंका घेईल. घ्यायलाच हवी. लस टोचून घेणारे आणि न घेणारे हे एकाच तऱ्हेचे लोक असतात का? टोचून घ्यायला जो पुढे येतो तो कदाचित अधिक सावध असेल, मेलेला उंदीर दिसताच घर सोडीत असेल. किंवा उलट, ज्या घरात आधीच माणूस दगावले तेच घाबरून टोचून घ्यायला आले असतील. आणखी एक खोच: साथीच्या सुरुवातीला कोणीच टोचलेले नसते. त्या काळात जे आजारी पडतात ते सगळे आपोआप 'न टोचलेले' या ओळीत जाऊन बसतात. मग तो फरक लसीचा की दिवसांचा? मेजर ग्रीनवुड आणि उडनी यूल या दोन ब्रिटिश संख्याशास्त्रज्ञांनी १९१५ साली विषमज्वर व कॉलरा यांच्या लसींच्या आकड्यांची उलटतपासणी केली, तेव्हा त्यांचा भर याच गोष्टींवर होता. दोन्ही गट महत्त्वाच्या सर्व बाबतींत सारखे असले पाहिजेत आणि दोघांनाही रोगाचा संसर्ग होण्याची संधी सारखीच असली पाहिजे. ते नसेल तर कोष्टक संबंध दाखवील, कारण दाखवणार नाही.

ही शंका किती खोल जाऊ शकते हे पाहायला आता पुन्हा भाटघरच्या शाळेत चला. सरांनी होडी बंद करून सर्वांना पायी यायला सांगायचे जवळजवळ ठरवले आहे. तेवढ्यात गणिताच्या बाई म्हणाल्या, "कोण कुठून येते तेही पाहू या का?" मुलांचे दोन भाग केले. काही दूरच्या वाड्यांतली, काही जवळची. होडीने येणाऱ्या २० पैकी १६ दूरची निघाली आणि ४ जवळची. पायी येणाऱ्या ४० पैकी ३२ जवळची आणि ८ दूरची. उशिरा आलेली मुलेही तशीच वाटली.

| | होडीने: उशिरा / एकूण | पायी: उशिरा / एकूण |
|---|---|---|
| दूरची मुले | ६ / १६ (३७.५) | ४ / ८ (५०) |
| जवळची मुले | ० / ४ (०) | ५ / ३२ (१५.६) |
| सर्व | ६ / २० (३०) | ९ / ४० (२२.५) |

कंसातले आकडे शेकड्याचे आहेत. दूरच्या मुलांत होडीवाल्यांपेक्षा पायी येणारे अधिक उशिरा येतात. जवळच्या मुलांतही पायी येणारेच अधिक उशिरा येतात. आणि दोन्ही भाग एकत्र केले की होडीवाले अधिक उशिरा आलेले दिसतात! बेरजा पुन्हा करून पाहा. त्यांत चूक नाही. होडी वाईट दिसत होती याचे कारण एवढेच की दूरची मुले बहुतेक होडीत होती, आणि दूर राहणाऱ्याला उशीर व्हायचाच. सरांनी होडी बंद केली असती तर त्या सोळा जणांना धरणाच्या पाण्याला वळसा घालावा लागला असता, आणि पायी येणाऱ्या दूरच्या मुलांचे प्रमाण पाहता सहाऐवजी आठ जणांना उशीर झाला असता. पावसाळ्यात तलाव भरल्यावर तो वळसा केवढा होतो हे त्या काठाच्या मुलांनाच विचारावे.

आकड्यांच्या या उलटापालटीला सिम्पसनचा विरोधाभास म्हणतात. एडवर्ड सिम्पसनने त्यावर १९५१ साली लिहिले, पण वर आलेल्या यूलने १९०३ मध्येच तिच्याकडे बोट दाखवले होते. त्यावर उपाय गणितात नसतो, आकडे गोळा करण्याआधीच्या विचारात असतो. हाफकिनला तो सुचला होता. फेब्रुवारी १८९८ मध्ये तेव्हाच्या बडोदे संस्थानातील उंडेरा या गावी प्लेग आला असताना त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घरोघर जाऊन प्रत्येक कुटुंबाचे शक्य तेवढे सारखे दोन भाग केले. पुरुष, स्त्रिया, मुले, अशक्त माणसे, दोन्ही बाजूंना सारखी. एका भागाला टोचले, दुसऱ्याला नाही. म्हणजे छप्पर एक, चूल एक, उंदीर आणि त्यांच्या पिसवाही त्याच. सावध घर आणि बेफिकीर घर हा भेद दोन्ही ओळींत सारखा वाटला गेला. पुढे २८ कुटुंबांत प्लेग शिरला. त्यांत टोचलेली माणसे ७१ होती. ८ आजारी पडली, ३ दगावली. न टोचलेली ६४ होती. २७ आजारी पडली, २६ दगावली.

(आज असा प्रयोग करायचा तर प्रत्येक माणसाची समजून-उमजून दिलेली संमती घ्यावी लागते. त्या चौसष्ट जणांचा विचार मनात आला की हा नियम का आला ते कळते.)

उंडेऱ्याचे आकडे घेऊन आता तुम्ही तिन्ही कोष्टके मांडा: कोपऱ्यातल्या १३५ ने भागून एक, ओळींच्या बेरजांनी भागून दुसरे, रकान्यांच्या बेरजांनी भागून तिसरे. पडताळ्यासाठी '८ आजारी' या एकाच घराची उत्तरे देतो. ती अनुक्रमे शेकडा ५.९, ११.३ आणि २२.९ यावीत. न टोचलेल्यांच्या ओळीत आजाऱ्यांचा आकडा शेकडा ४२.२ यावा. प्रत्येक आकड्यापुढे त्याचे शंभर कोणते ते एका वाक्यात लिहा. शिक्षकांनी गुण द्यावेत ते त्या वाक्याला. मृत्यूंचे कोष्टक मी मुद्दामच सोडून दिले आहे.

आणि तुमच्या शाळेत उशिरा येणाऱ्यांची वही असेलच. आठवडाभराची नोंद घ्या, मुले कशाने येतात ते विचारा, आणि कोष्टक काढण्यापूर्वी तिसरा प्रश्न कोणता विचारायचा ते वर्गात ठरवा. भाटघरच्या शाळेत तो अंतराचा निघाला. तुमच्याकडे एस.टी.च्या वेळेचा निघेल, नाही तर सकाळी विहिरीवर पाणी भरायला कोणाला जावे लागते याचा.